साठी आली, बुद्धी राखू

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. साठ वर्षे झाली की माणसाची बुद्धी पळून जाते, असा तिचा अर्थ. घरातले म्हातारे माणूस काही विसरले की कोणीतरी ही म्हण बोलून दाखवते. बाकीचे हसतात. म्हाताराही हसतो आणि गप्प बसतो. त्यालाही वाटते, आता आपले असेच व्हायचे.

पण ही म्हण खरी आहे का?

आपण हिशेब करून पाहू. २०१७ ते २०२० या काळात भारतातल्या म्हाताऱ्या माणसांची मोठी पाहणी झाली. तिच्यावरून तज्ज्ञांनी २०२३ साली आकडा काढला. साठीच्या पुढच्या १०० माणसांपैकी सुमारे ७ जणांना बुद्धी हरवण्याचा आजार आहे. म्हणजे उरलेल्या ९३ जणांना तो नाही. म्हण खरी असती, तर शंभरच्या शंभर जणांना तो झाला असता.

तेव्हा बुद्धी जाते ती वयामुळे नाही. ती आजारामुळे जाते. वय वाढले की आजाराची भीती वाढते, एवढे खरे. पण १०० मध्ये ७ हा आकडाही लहान नाही. सगळ्या देशात मिळून अशी सुमारे ८८ लाख माणसे आहेत. त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. शाळा न शिकलेल्यांत ते आणखी जास्त आहे. म्हणून ही गोष्ट आपल्या गावाची आहे, आपल्या घरातली आहे.

विसर कोणता आणि आजार कोणता?

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. थोड्या वेळाने आठवते. हा साधा विसर आहे. तो तरुणालाही पडतो. पण चष्मा हातात घेऊन ‘हे काय आहे? हे कशासाठी असतं?’ असे कोणी विचारू लागले, तर तो आजार असू शकतो.

जन्मभर भाकऱ्या थापलेली आजी परातीपुढे बसते आणि पुढे काय करायचे तेच तिला सुचत नाही. चाळीस वर्षे ज्या वाटेने शेतात गेले, त्याच वाटेवर आजोबा चुकतात. सुटे पैसे मोजता येत नाहीत. एकच प्रश्न तासाभरात दहा वेळा विचारला जातो. शांत माणूस एकाएकी संशयी होतो. ही आजाराची लक्षणे आहेत. या आजाराला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात.

हा आजार ओळखता आला नाही, की घरात मोठा घोळ होतो. आजी जेवून उठते, हात धुते, आणि अर्ध्या तासाने शेजारणीला सांगते, “आज मला कुणी जेवायला दिलं नाही.” शेजारीण दुसरीला सांगते. संध्याकाळपर्यंत गावभर होते, की सून सासूला उपाशी ठेवते. खरे पाहिले तर दोष सुनेचा नसतो आणि आजीचाही नसतो. आजी खोटे बोलत नाही. आपण जेवलो, ही गोष्ट तिच्या मेंदूत राहिलेलीच नसते.

कोणी म्हणते, बाहेरची बाधा झाली. मग अंगारे, धुपारे आणि उतारे होतात. पैसा जातो, वेळ जातो. आजार मात्र वाढत राहतो.

हा मेंदूचा आजार आहे, हे कळायलाही जगाला बराच काळ लागला. जर्मनीत आलोइस आल्झायमर नावाचे एक डॉक्टर होते. १९०१ साली त्यांच्याकडे ५१ वर्षांची एक बाई आली. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासला. तेव्हा मेंदूत न दिसणाऱ्या गाठी आणि गुंतलेले धागे त्यांना सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसले. स्मृतिभ्रंशाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्याला या डॉक्टरांचेच नाव पडले आहे. दुसऱ्या एका प्रकारात मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या खराब होतात. कधी दोन्ही प्रकार एकाच माणसात असतात.

आपल्या हातात काय आहे?

हा आजार पुरता बरा करणारे औषध आजही नाही. म्हणून तो टाळण्याला, निदान लांबवण्याला मोल आहे. सत्तराव्या वर्षी येणारा आजार ऐंशीव्या वर्षापर्यंत लांबला, तर मधली दहा वर्षे माणूस आपल्या पायांवर आणि आपल्या बुद्धीने जगतो. नातवाचे लग्न पाहतो आणि नातसुनेला नावाने हाक मारतो.

२०२४ साली जगातल्या तज्ज्ञांच्या एका मंडळाने सगळा अभ्यास गोळा केला. त्यांनी सांगितले, की या आजाराला हातभार लावणारी १४ कारणे अशी आहेत, की ती माणसाला कमी करता येतात. ही सगळी कारणे दूर झाली, तर १०० पैकी ४५ जणांचा आजार टळेल किंवा लांबेल.

ती कारणे आपल्या भाषेत अशी आहेत.

पहिला गट रक्ताचा. रक्तदाब वाढणे, मधुमेह, अंगावर फार चरबी चढणे, आणि रक्तात कोलेस्टेरॉल नावाची चरबी वाढणे. शेताला पाणी नेणारा पाट गाळाने भरला, की टोकाचे पीक वाळते. रक्ताच्या नळ्यांचे तसेच आहे. त्या खराब झाल्या, की मेंदू वाळतो.

दुसरा गट सवयींचा. विडी आणि सिगारेट, दारू, आणि बसून राहणे.

तिसरा गट इजेचा. डोक्याला जबर मार लागणे, आणि वर्षानुवर्षे धूर पोटात जाणे.

चौथा गट कानाडोळ्यांचा. ऐकू येत नाही त्याचा इलाज न करणे. दिसत नाही त्याचा इलाज न करणे. ज्याला ऐकू येत नाही तो बोलत नाही, बोलत नाही त्याच्याशी कोणी बोलत नाही. मग मेंदूला कामच उरत नाही.

पाचवा गट मनाचा आणि माणसांचा. मनाची खोल उदासी, एकटेपणा, आणि लहानपणी शाळा न मिळणे.

मेंदूला आपण कणगी समजू. माणूस शिकतो, वाचतो, बोलतो, नवे काम करतो, तेव्हा त्या कणगीत धान्य पडते. आजार हा उंदीर आहे. तो दाणे खातोच. पण कणगी भरलेली असली, तर घराला लवकर टंचाई जाणवत नाही. लहानपणी शाळा मिळाली नाही, हे आता बदलता येणार नाही. पण कणगीत मोठेपणीही धान्य टाकता येते.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात फार थोडी शाळा शिकलेल्या ९८३ म्हाताऱ्यांचा अभ्यास झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यातल्या १०० पैकी ३५ जणांना अभ्यासाच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंश होता. ज्यांना वाचता येत होते, त्यांच्यात १०० पैकी १८ जणांना होता. या एका आकड्याने सगळे सिद्ध होत नाही. पण हे पान तुम्ही अक्षर लावून वाचता आहात, तेव्हा तुमच्या मेंदूला कसून काम मिळते आहे, हे नक्की.

एकट्याने का होत नाही?

आता कोणी म्हणेल, “कळलं. मीठ कमी खातो, रोज चालतो, विडी सोडतो.” हे बोलणे सोपे आहे. पण चार दिवस चालून पाचव्या दिवशी पाय घरातच राहतो. एकट्याचा नेम टिकत नाही. वारीला निघालेला माणूस मात्र पंढरपूरपर्यंत चालतो, कारण पुढे दिंडी असते आणि मागे दिंडी असते.

ही गोष्ट तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेत पाच ठिकाणी ६० ते ७९ वर्षांची २१११ माणसे निवडली. त्यांना अजून आजार नव्हता, पण होण्याची भीती होती. त्यांचे दोन गट केले. काय खावे, किती चालावे, मेंदूला काम कसे द्यावे, रक्तदाब कसा सांभाळावा, हे दोन्ही गटांना सांगितले. पहिल्या गटाला सांगितले, तुमच्या सवडीने करा. दोन वर्षांत त्यांच्या ६ बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला नेमून दिलेला कार्यक्रम दिला. ती माणसे आपल्याच वस्तीत टोळीने जमत. दोन वर्षांत त्यांच्या ३८ बैठका झाल्या. कोण चालला, कोण चुकला, ते एकमेकांना विचारत.

२०२५ साली निकाल लागला. दोन्ही गटांची आठवण आणि विचारशक्ती सुधारली होती. पण ज्यांच्या ३८ बैठका झाल्या आणि ज्यांना नेमाचा कार्यक्रम होता, त्यांची जास्त सुधारली होती.

याच्या आधी फिनलंड नावाच्या थंड देशात असाच प्रयोग झाला होता. मिया किविपेल्टो नावाच्या डॉक्टर बाई त्याच्या प्रमुख होत्या. तिथे ६० ते ७७ वर्षांची १२६० माणसे होती. निम्म्या माणसांना व्यायाम, सकस आहार, मेंदूचे खेळ आणि रक्तदाबाची नियमित तपासणी, असे चारही उपाय एकदम दिले. बाकीच्यांना नेहमीचा सल्ला दिला. दोन वर्षांनी बुद्धीच्या परीक्षा घेतल्या. चारही उपाय मिळालेल्या गटाची सुधारणा दुसऱ्या गटाच्या सव्वापट होती. हा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. एक उपाय म्हणजे एक बैल. गाडीला जोडी लागते, चढ असला तर चार बैलही लागतात.

जपानमधले कट्टे

तुम्ही म्हणाल, तिथे पैसा आहे, यंत्रे आहेत, डॉक्टर आहेत. मग जपानमधल्या ताकेतोयो या लहान नगराची गोष्ट ऐका. जपानमध्ये म्हातारी माणसे फार आहेत. ताकेतोयोच्या नगरपालिकेने आणि अभ्यासकांनी २००७ साली ठरवले, की म्हाताऱ्यांसाठी बसण्याउठण्याच्या जागा काढायच्या. घरून चालत जाता येईल अशा ठिकाणी त्या काढल्या. मोठे इस्पितळ बांधले नाही. चालवणारे गावचेच लोक, फुकट काम करणारे. त्यांतले पुष्कळसे स्वतःच म्हातारे होते.

तिथे काय चाले? खुर्चीत बसून हातपाय हलवायचे. गाणी म्हणायची. कोडी सोडवायची. हाताने काही वस्तू करायच्या. कधी लहान मुलांबरोबर खेळायचे. आणि पोटभर गप्पा मारायच्या.

अभ्यासकांनी सात वर्षे लक्ष ठेवले. जे या कट्ट्यांवर येत राहिले, त्यांच्यात बुद्धी ढासळण्याचे प्रमाण न येणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. येणारे मुळातच धडधाकट होते म्हणून तर असे झाले नसेल? ही शंकाही अभ्यासकांनी हिशेबात धरली होती. तरीही फरक राहिला.

आपल्या गावात

गाणी, कोडी, हातकाम, मुलांशी खेळ. यांतले आपल्याकडे काय नाही? हरिपाठ आहे. भजनी मंडळ आहे. ओव्या आहेत, उखाणे आहेत, सोंगट्यांचा पट आहे. देवळाचा पार आहे आणि समाजमंदिर आहे.

म्हातारपणी नवे शिकता येते, याचा दाखलाही आपल्याच राज्यात आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती कल्पना मांडली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने मदत केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. ही शाळा स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी काढलेली नव्हती. आज्यांना लिहिता-वाचता यावे, म्हणून काढली होती. पण घराबाहेर पडणे, चारचौघींत बसणे आणि डोक्याला नवे काम देणे, ही तिन्ही धान्ये एकाच वेळी कणगीत पडली.

तेव्हा आपल्या गावातही असा कट्टा काढता येईल. तो कसा काढावा, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

१. जागा जवळची घ्या. पायऱ्या नकोत. उजेड हवा. बसायला खुर्च्या किंवा बाक हवेत, कारण खाली बसलेल्याला उठता येत नाही आणि मग तो येतच नाही.

२. आठवड्यातला वार आणि वेळ ठरवा. ती मोडू नका. बायकांची वेळ त्यांनाच विचारून ठरवा.

३. आधी अंग हलवा. पंधरा-वीस मिनिटे चाला, किंवा खुर्चीत बसून हातपाय हलवा. शेतात राबणाऱ्याचे अंग हलतेच. पण शेत सुटले आणि माणूस ओट्यावर बसला, की धोका सुरू होतो.

४. मग डोके हलवा. भजन जुनेच म्हटले तर डोक्याला काम थोडे. महिन्याला एक नवे पाठ करा. वर्तमानपत्र एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकलेले सांगावे. बाजारचा हिशेब तोंडी करावा. शेजारी कानडी किंवा गुजराती बोलणारा असेल, तर त्याच्याकडून रोज चार शब्द शिकावेत.

५. महिन्यातून एकदा आशाताईंना बोलवा. उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासायची सोय असते. आपला आकडा आपणच वहीत लिहावा. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये. ती बंद करायची की नाही, ते डॉक्टरांनी सांगायचे.

६. कान आणि डोळे दाखवा. कधी कानात नुसता मळ असतो. मोतीबिंदू काढता येतो. कानाचे यंत्र लावायची लाज वाटू देऊ नका. चष्म्याची लाज वाटते का?

७. तंबाखू आणि मिश्री सोडणाऱ्याला कट्ट्याने साथ द्यावी. पानात मीठ, पापड आणि लोणचे कमी, भाजी आणि डाळ जास्त असावी. चुलीच्या धुराला वाट काढावी. मोटारसायकलवर बसताना डोक्यावर हेल्मेट घालावे.

८. सर्वांत महत्त्वाचे, जो येत नाही त्याच्या घरी जा. विधवा आजी, मुले मुंबईला गेलेला म्हातारा, उदास झालेला शेजारी यांना बोलावणे पाठवून भागत नाही, हाताला धरून आणावे लागते. कट्ट्याची खरी गरज त्यांनाच असते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

पहिली गोष्ट. हे सगळे केले म्हणजे आजार होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. १०० पैकी ४५ टळतील म्हणतात, तेव्हा ५५ उरतातच. नेमाने वागणाऱ्यालाही हा आजार होतो. तसे झाले, तर ‘तुझंच काही चुकलं असेल’ असे कोणाला म्हणू नका. आपण पेरणी नीट करतो. पाऊस आपल्या हातात नसतो. म्हणून कोणी पेरणी सोडत नाही.

दुसरी गोष्ट. घरात कोणाला लक्षणे दिसली, तर आधी डॉक्टरांकडे न्या. प्रत्येक विसर हा स्मृतिभ्रंश नसतो. थायरॉइड ग्रंथी मंदावली, ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले, मन फार उदास झाले, किंवा एखादे औषध मानवले नाही, तरी माणूस विसरतो. यांवर इलाज आहे. आणि खरोखर स्मृतिभ्रंशच निघाला, तरी त्या माणसाला कट्ट्यावरून काढू नका. त्याला वाद घालून समजावू नका, हसू नका. तो पुन्हा विचारील, तुम्ही पुन्हा सांगा. त्याची काळजी घेणाऱ्या सुनेला किंवा लेकीला आठवड्यातून दोन घटका सुटी मिळेल, अशी पाळी शेजाऱ्यांनी लावून घ्यावी.

आता त्या म्हणीकडे पुन्हा पाहू. म्हणी माणसांनीच केल्या आहेत. ज्या म्हणीने म्हातारे माणूस कोपऱ्यात बसते, ती मुलांना शिकवण्याची गरज नाही. तुमच्या आळीत साठीच्या पुढची माणसे किती आहेत, ते आज मोजा. त्यांतली किती माणसे आठवडाभरात घराबाहेर पडली नाहीत, तेही मोजा. दुसरा आकडा जेवढा येईल, तेवढी घरे तुम्हाला उद्या चालायची आहेत.

वाचा आणि चर्चा करा

१. साधा विसर आणि स्मृतिभ्रंश यांत फरक काय?

२. अमेरिकेतल्या दोन गटांना एकच गोष्ट सांगितली होती. मग एका गटाला जास्त लाभ का झाला?

३. तुमच्या गावात कट्ट्यासाठी कोणती जागा चांगली? तिथे म्हाताऱ्या माणसाला अडचण कोणती येईल?

४. तुमचा रक्तदाब शेवटचा कधी तपासला? तारीख वहीत लिहा.